खालची प्रत

फाइलमधली शेवटची ओळ 'वैराग' या शब्दावर तुटली होती. त्यापुढे काळ्या चौकोनात एक प्रश्नचिन्ह, आणि मग काहीच नाही.

शब्द खरं तर 'वैरागड' होता. आमच्या आरमोरी तालुक्यातलं, किल्ल्यामुळे ओळखलं जाणारं गाव. कॉम्प्युटरमध्ये मराठी साठवायची आजची सर्वमान्य पद्धत यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. व, वरच्या दोन मात्रा, र, काना, ग, ड अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. त्यातले सतरा लिहिले गेले होते. 'ड'चे तीनपैकी दोन बाइट डिस्कवर पोचले आणि तिसरा पोचायच्या आत लाईन गेली.

त्या अर्धवट 'ड'च्या मागे एका शेतकऱ्याचे अठ्ठावीस कट्टे धान होते. आणि ते कट्टे हरवणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं.

गोष्ट २०२३च्या खरिपाची. मी तेव्हा नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत होते. धानाच्या काट्यांसाठी आम्ही नोंदीचं सॉफ्टवेअर केलं होतं. काटा इलेक्ट्रॉनिक, त्याची वायर कॉम्प्युटरला. एक कट्टा काट्यावर चढला की वजन, शेतकऱ्याचं नाव, गाव, धानाचा प्रकार, वेळ अशी एक ओळ तयार व्हायची. ती ओळ चार ठिकाणी जायची. स्क्रीनवर, तिथल्याच डिस्कवरच्या फाइलमध्ये, प्रिंटरकडे, आणि मोबाइल नेटवर्कवरून नागपूरच्या सर्व्हरला. मजकूर एकच, वाटा चार. या कामासाठी मी पायथनमध्ये एक छोटी लायब्ररी लिहिली आणि तिला 'फाटा' नाव दिलं. आपल्याकडे मोठ्या रस्त्याला छोटा रस्ता फुटतो तिथे फाटा असतोच, आणि कालव्यालाही असतो. कंपनीत कुणाला ते नाव आवडलं नाही, पण बदललंही नाही.

पहिली आवृत्ती भाबडी होती. चारही वाटांना मी तोच मजकूर वेगवेगळा द्यायचे. प्रत्येक वाट आपापल्या परीने अक्षरांचे बाइट बनवायची, म्हणजे एकाच 'वैरागड'चे अठरा बाइट चारदा मोजून तयार व्हायचे. त्यात प्रत्येक ओळीला प्रत्येक वाटेसाठी ऑपरेटिंग सिस्टिमचं दार वाजवायचं. हे दार वाजवणं महाग असतं. प्रोग्रॅमचं स्वतःचं काम थांबतं, सिस्टिमचं काम सुरू होतं, मग परत यायचं. एका ओळीसाठी तो वेळ नगण्य. लाखो ओळींसाठी नाही.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. बाइट एकदाच बनवायचे आणि तेच सगळ्या वाटांना द्यायचे. ही सुधारणा मला आजही बरोबर वाटते. दुसरी, ओळ आली की लगेच लिहायची नाही. स्मृतीत साठवायची, ८१९२ बाइट झाले की एकदम पुढे ढकलायची. या साठवणीला बफर म्हणतात. मी काही नवं करत नव्हते. फाइलीत लिहिणारी जवळपास प्रत्येक भाषा हे आपोआप करते, आणि ८१९२ हा आकडाही मी तिथूनच उचलला होता.

बफर म्हणजे काय हे आमच्या भागातल्या कुणालाही समजावणं सोपं आहे. पूर्व विदर्भात गावोगाव मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. पाऊस थोड्या दिवसांत धो धो येतो आणि धानाला पाणी पुढे कितीतरी दिवस लागतं. मधलं अंतर तलाव सांभाळतो. देणारा आणि घेणारा यांचा वेग जुळत नाही, तेव्हा मध्ये पाळ बांधायची. फरक एवढाच, की मामा तलाव भरला की साऱ्या गावाला दिसतो आणि पाळ फुटली तर सारं गाव धावतं. माझ्या तलावाच्या पाळीवर कुणी उभं नव्हतं. आत किती पाणी आहे हे मलाही दिसत नव्हतं.

नवी आवृत्ती झाल्यावर मी दहा लाख ओळी लिहून वेळ मोजला. फरक इतका होता की मी तो आलेख ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवला. कुणी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही, की एका काट्यावर दिवसाला चारशे कट्टे धरले तरी दहा लाख व्हायला अडीच हजार दिवस लागतील. हमालाने पाठीवर कट्टा आणायचा, काट्यावर टाकायचा, आकडा स्थिर व्हायचा, कट्टा उचलून थप्पीला लावायचा. यात अर्धा मिनिट सहज जातं. त्या अर्ध्या मिनिटात कॉम्प्युटर नुसता बसून असतो. जे आधीच रिकामं बसलं होतं त्याचं काम मी हलकं केलं होतं.

आमची एक ओळ साधारण अडीचशे बाइटची. म्हणजे ८१९२ बाइट भरायला बत्तीस ओळी लागतात. (इंग्रजीत लिहिली असती तर सत्तरच्या आसपास लागल्या असत्या. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो. मराठी जड आहे म्हणून तलाव लवकर भरायचा. त्या दिवशी तेवढंच भाषेने वाचवलं म्हणायचं.) बत्तीस ओळी म्हणजे बत्तीस कट्टे. चाळीस किलोचा कट्टा धरला तर जवळजवळ तेरा क्विंटल. आमच्याकडच्या लहान शेतकऱ्याचा विकायला काढलेला सगळा धान तेवढाच असू शकतो. माझ्यासाठी जे आठ किलोबाइट होतं, ते कुणाचा तरी पूर्ण हंगाम होतं. हे गणित मी नंतर केलं.

संध्याकाळी काट्यावरच्या पोराचा फोन आला. "ताई, लाईन गेली होती. इन्व्हर्टर बी बसला. आता चालू केलं तं तीनच कट्टे दाखवते. एकतीस झाले होते हो. स्क्रीनवर दिसत होते सगळ्याइले."

दिसत होते, हे खरं होतं. यातच सगळी मेख आहे. सी भाषेपासून चालत आलेला एक रिवाज आहे: प्रोग्रॅम माणसासमोरच्या पडद्यावर लिहीत असेल, तर ओळ संपली की लगेच दाखवायची, फाइलीत लिहीत असेल, तर साठवून साठवून लिहायची. कारण पडद्यापुढे माणूस वाट पाहत असतो, फाइलीपुढे कुणी नसतं. (चुकीचे संदेश ज्या वाटेने जातात ती वाट तर सी भाषेत साठवतच नाही. मरताना शेवटचं काय बोलला ते कळावं म्हणून.) मीही तेच केलं होतं. स्क्रीनला ओळ ताबडतोब, फाइल आणि सर्व्हरला बफर भरल्यावर, प्रिंटरला शेतकऱ्याचं सगळं माप झाल्यावर एकदम, कागद वाचावा म्हणून. मजकूर एकच होता आणि चार वाटांवरचं त्याचं वय वेगवेगळं होतं. जी वाट सगळ्यांना दिसत होती ती सर्वांत ताजी आणि सर्वांत कच्ची. व्हॉट्सॲपवर एक टिक येते आणि मग दोन येतात, तेव्हा दोन्हींचा अर्थ वेगळा आहे हे आपल्याला कळतं. माझ्या स्क्रीनवर टिकच नव्हती. आकडा दिसला म्हणजे झालं, असं सगळ्यांनी धरलं, आणि तसं धरण्यात त्यांची काही चूक नव्हती.

वैरागडच्या त्या माणसाचे दोन कट्टे पूर्ण लिहिलेले, तिसरा गावाच्या नावावर तुटलेला, बाकी अठ्ठावीस स्मृतीतच. विजेबरोबर गेले. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २१८३ रुपये होता. अठ्ठावीस कट्ट्यांचे अकरा क्विंटल वीस किलो. हमीभावाने साडेचोवीस हजार रुपये.

कट्टे परत मोजता येत नव्हते. ते थप्पीत इतरांच्या कट्ट्यांत मिसळले होते. वाचवलं ते हमालांनी. हमालांची मजुरी कट्ट्यामागे असते, त्यामुळे ते कुणाच्याच कॉम्प्युटरवर विश्वास ठेवत नाहीत. 'लाभ' म्हणून पहिला कट्टा मोजतात, मग दोन, तीन, आणि प्रत्येक कट्ट्याला गोदामाच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. भिंतीवर एकतीस रेघा होत्या. शेतकऱ्याच्या तोंडीही एकतीसच. शेवटी रात्री उशिरा तीस मान्य झाले. एक कट्टा वादाचा म्हणून सुटला. चाळीस किलो, हमीभावाने ८७३ रुपये. मी फोनवर म्हटलं, ते पैसे मी पाठवते. पलीकडे कुणीतरी हसलं आणि विषय बदलला. तो माणूस मी पाहिला नाही. त्याचं नाव मात्र मला पाठ आहे, कारण फाइलीत ते तीन वेळा पूर्ण लिहिलेलं आहे.

त्या शनिवारी मी आरमोरीला गेले. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल. पुलावर आल्यावर मला नेहमी बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

बाबा टायपिस्ट. तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून त्यांनी अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं टाइप करण्यात आयुष्य काढलं. गोदरेजचं मराठी टाइपरायटर होतं, ते अजून घरात आहे, त्यावर आई वर्तमानपत्रं ठेवते. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. बफर वगैरे शब्द टाळून. एकच ओळ चार जागी लिहायची होती आणि ती नीट पोचली नाही, एवढंच.

ते म्हणाले, "खालची कापी पायली होती का?"

मला आधी समजलं नाही. मग आठवलं.

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशी बसायचे. एका अर्जाच्या चार प्रती लागायच्या. वर जाड कागद, मग कार्बन, मग पातळ कागद, परत कार्बन, असा गठ्ठा ठोकून सरळ करून रोलरमध्ये घालायचा. कार्बन पेपरचं पेटंट १८०६चं आहे, इंग्लंडच्या राल्फ वेजवूडचं; टाइपरायटर घराघरांत यायच्या खूप आधीचं. आपण ईमेलमध्ये 'सीसी' टाकतो ती दोन अक्षरं कार्बन कॉपीचीच. आज सीसीमध्ये पन्नास जणांना टाकलं तरी बोटाला काही कळत नाही. बाबांच्या बोटाला कळायचं. दोन प्रतींना साधा दाब, चारांना जोरात, पाच असतील तर ते सरळ सांगायचे की दोनदा टाइप करावं लागेल, पैसे जास्त पडतील. कारण खिळा वरच्या कागदावर पडतो, पण जोर खालच्या कागदापर्यंत जायला हवा. वेग वाढवला की जोर कमी होतो. भराभर टाइप करणाऱ्याची वरची प्रत सुंदर दिसते आणि चौथी वाचता येत नाही.

आणखी एक. वरच्या प्रतीत चूक झाली तर रबराने खोडून वर नीट अक्षर मारता येतं, पण ती चूक प्रत्येक प्रतीत वेगळी खोडावी लागते. एकेक कागद सुटा करून, मध्ये चिटोरा घालून, म्हणजे खोडताना खालच्याला डाग पडू नये. लिहिणं एकदाच, दुरुस्ती चारदा. 'फाटा' लिहिताना नेमका हा धडा मी विसरले होते. चार वाटा एकत्र लिहिता येतात, पण बिघडतात मात्र आपापल्या. प्रिंटरचा कागद संपतो, डिस्क भरते, नेटवर्क जातं. माझ्या लायब्ररीत एका वाटेला अडचण आली की चारही थांबायच्या. नेटवर्क अडकलं तर काट्यावरचा आकडा गोठायचा आणि हमाल पाठीवर कट्टा घेऊन उभा राहायचा. ही तक्रार आधी दोनदा आली होती. आम्ही म्हटलं होतं, नेटवर्क खराब आहे.

आणि चौथी प्रत, सगळ्यात फिकी, ती अर्जदाराची असते. मूळ प्रत साहेबाला, दुसरी फाइलला, तिसरी आणखी कुठल्या टेबलाला, आणि ज्याचं काम आहे त्याला ती शेवटची, वर पोचेचा शिक्का मारून. बरं, पुढे कधी वाद झाला तर पुरावा म्हणून दाखवायची असते तीच. म्हणून बाबा गठ्ठा काढल्यावर वरचा कागद पाहतच नसत. सगळ्यात खालचा आधी काढून उजेडाला धरत. तो वाचता आला तर बाकीचे वाचता येणारच.

त्या रात्री मी जुने संदर्भ काढून बसले. एकच मजकूर अनेक वाटांना द्यायचं काम युनिक्समध्ये एक छोटा प्रोग्रॅम करतो, त्याचं नाव 'टी'. चहा नाही, नळजोडणीतला इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा, ज्यातून पाणी दोन बाजूंना जातं. १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये तो तयार झाला. मी कॉलेजात असल्यापासून तो वापरत होते, पण त्याने काय करावं हे पॉझिक्स या मानकात कसं लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. टीने मजकूर साठवून ठेवायचा नाही. आला की लिहायचा. आणि एखाद्या फाइलीत लिहिता आलं नाही तर बाकीच्यांत लिहिणं चालूच ठेवायचं, मात्र शेवटी परतताना काहीतरी बिघडलं होतं असं सांगायचं. थांबायचं नाही आणि लपवायचंही नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांना बफर माहीत नव्हते असं नाही. फाट्यावर पाणी अडवू नये, अडवायचं तर पुढे ज्याच्या त्याच्या शेतात, असं त्यांनी ठरवलं असावं.

मी फाइलीच्या वाटेवरचा बफर काढला. प्रत्येक ओळीनंतर फ्लश. मग घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ओळी लिहायला लावल्या आणि मध्येच भिंतीतली पिन उपटली. चालू करून पाहिलं तर तरीही ओळी गायब. आधीपेक्षा जास्तच.

हे मला हादरवणारं होतं. माझा तलाव रिकामा होता, पण त्याच्या खाली आणखी एक तलाव होता. प्रोग्रॅमने लिहिलं म्हणजे ते डिस्कवर गेलं असं नसतं. ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्मृतीत जातं आणि ती सवडीने डिस्कवर उतरवते. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीत अशी नोंद तीस सेकंद जुनी होईपर्यंत स्मृतीत राहू शकते. प्रोग्रॅम कोसळला तर ती वाचते. वीज गेली तर नाही. आणि आमच्याकडे प्रोग्रॅम कोसळण्यापेक्षा वीज जास्त जाते. त्यासाठी एफसिंक म्हणून वेगळी विनंती करावी लागते: हे आत्ता, डिस्कवर, आणि झाल्यावरच मला सांग. ती फार महाग आहे, शक्यतो टाळा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. दर सेकंदाला हजारो नोंदी असतील तर खरंच टाळावी. आमच्याकडे अर्ध्या मिनिटाला एक कट्टा होता. जुन्या फिरत्या डिस्कवरही तिला लागणारा वेळ हमालाच्या एका पावलापेक्षा कमी.

रविवारी 'फाटा' जवळजवळ पुन्हा लिहिला. बाइट एकदाच बनवायचे, ते ठेवलं. फाइल पहिली, एफसिंकसह. मग प्रिंटर, कट्ट्यागणिक एक ओळ. डॉट मॅट्रिक्स ओळ-ओळ छापू शकतो, पानभर मजकुराची वाट पाहत नाही. सर्व्हरचं काम वेगळ्या धाग्यावर. तो फाइल वाचून सवडीने पाठवतो, नेटवर्क आलं की जिथे थांबला तिथून पुढे. बफर हवाच होता, पण तो डिस्कवर, लाईन गेली तरी टिकणारा, आणि फक्त संथ वाटेसाठी. स्क्रीन सर्वांत शेवटी. फाइलीत उतरल्याशिवाय आकडा दाखवायचाच नाही. छापता आलं नाही तर आकड्याशेजारी लाल खूण. कंपनीतल्या एकाने नंतर विचारलं, की स्क्रीन किंचित मागे पडल्यासारखी का वाटते. मी म्हटलं, मुद्दाम.

दहा लाख ओळींचा आलेख मी परत काढला नाही. काढला असता तर फार वाईट दिसला असता.

संध्याकाळी चाचणी घेतली. ऑफिसातून आणलेला डॉट मॅट्रिक्स ओट्यावर ठेवला, तीन रंगांचा जोडकागद लावला. पांढरा, पिवळा, गुलाबी. मध्ये कार्बन नसतो आता, कागदालाच लेप असतो, पण सुई आपटल्याशिवाय खाली उमटत नाही. बाजारात लेझर प्रिंटर येऊन इतकी वर्षं झाली तरी काट्यांवर हे खटखट वाजणारं यंत्र टिकलंय ते याचसाठी. बाबा पिनेजवळ खुर्ची टाकून बसले. मी खोटे कट्टे टाकू लागले, ते मोठ्याने मोजू लागले. लाभ, दोन, तीन. कधी उपटायचं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं, तुम्हाला वाटेल तेव्हा, एवढंच म्हटलं होतं. सतरा म्हणता म्हणता त्यांनी पिन ओढली.

मी कॉम्प्युटर परत सुरू होण्याची वाट पाहत पडद्याकडे बघत बसले. बाबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. प्रिंटरमधला कागद फाडला, पांढरा आणि पिवळा बाजूला टाकला आणि गुलाबी खिडकीशी नेऊन उजेडाला धरला.

"सतरा हायेत," ते म्हणाले. मग थोडा वेळ तसंच बघून, "फीत बदल वो बाई. फिकं येते."